सहाशे पानं, उलट्या बाजूने

चष्म्याच्या दुकानात, गिऱ्हाईक नसताना, पंचावन्न वर्षांचा एक माणूस आरशासमोर भिंतीला एक हात टेकवून उभं राहायचा सराव करत होता. हात जरा वर गेला की खांदा दुखत होता.

खळ शिजवताना तिच्यात चिमूटभर मोरचूद घालावं लागतं, नाही तर पुस्तकांना कीड लागते. अशी खळ एकदा वाळली की कागद फाटतो, पण जोड सुटत नाही.

एकतीस किशोर-कादंबऱ्यांपैकी बावीस कादंबऱ्यांत नायिकेची आई आधीच वारलेली असते. उरलेल्या नऊपैकी सहा आया पहिल्या पन्नास पानांत जातात. दोन बेपत्ता आहेत. एक जिवंत आहे, ती खलनायिका आहे.

आकाश निरभ्र होतं. एक नवरा बायकोच्या डोक्यावर छत्री धरून चालला होता. बायको दोन पावलं पुढे निसटायच्या प्रयत्नात होती.

तारखांच्या कागदाखाली मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं: थांबा.

या पाच गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही असं कोणालाही वाटेल. वाचनालयाच्या बाइंडरलाही तसंच वाटलं होतं.

*

ती वाचनालयात 'पहिली वाचक' होती. हा हुद्दा दुसऱ्या कुठल्या वाचनालयात असेल असं वाटत नाही. कधीकाळच्या एका ग्रंथपालाने नियम करून ठेवला होता की नवं पुस्तक कपाटात जाण्याआधी कार्यालयातल्या एकाने ते अथपासून इतिपर्यंत वाचावं, आणि एका पिवळ्या चिठ्ठीवर सात ओळींत अभिप्राय लिहावा. चिठ्ठीच्या माथ्यावर छापलेलं असे, 'आपले स्पष्ट मत'. बाइंडर ती चिठ्ठी पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर चिकटवी. वर्षातून एकदा खरेदी समिती चिठ्ठ्या चाळून ठरवी, या लेखकाची पुढची पुस्तकं घ्यायची की नाही. वाचकांना या चिठ्ठ्यांचा पत्ता नसे. पुस्तक संपल्यावर कोरं पान उलटून बघणारा वाचक अजून जन्माला यायचा होता.

एकवीस वर्षं ती हे काम करत होती, आणि ते तिला पगारापेक्षा मोलाचं होतं. कारण घरात तिला प्रश्न विचारले जात ते उत्तरासकट. सोफा तपकिरीच बरा, नाही का? रविवारी आपण कुठे जात नाही आहोत ना? तिचा नवरा चष्मेवाला होता. वाचनालयापासून चौथ्या चौकात त्याचं दुकान. दिवसभर तो अनोळखी माणसांच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलत विचारत असे, हे बरं की हे बरं, आताचं बरं की मघाचं बरं. संध्याकाळी घरी येईपर्यंत त्याची विचारण्याची सगळी शक्ती संपलेली असे. मुलगा दुसऱ्या शहरात. तो रविवारी फोनवर 'कशी आहेस' विचारी आणि उत्तर येईपर्यंत दुसरंच काहीतरी वाचत असे.

म्हणजे जगात तिचं मत मागणारी एकच वस्तू होती, आणि ती पिवळी होती.

जानेवारी महिन्यात एका बंद पडलेल्या शाळेने आपली पुस्तकं वाचनालयाला देऊन टाकली. एकतीस किशोर-कादंबऱ्या आणि दीडशे मँगा, म्हणजे जपानी चित्रकथा, सगळ्या प्रेमाच्या. ग्रंथपालसाहेबांनी एक खोकं उघडलं, वरच्या पुस्तकावरचे नायिकेचे बशीएवढे डोळे पाहिले आणि खोकं परत मिटलं. "बाई, हे काय वाचायचं? चाळा आणि दोन-दोन ओळी खरडून टाका."

बाईंनी नियम मोडला नाही. रोज पिशवीतून पाच-पाच पुस्तकं घरी नेली. मँगा उजवीकडून डावीकडे वाचायचा असतो, हे तिला पुस्तकानेच सांगितलं. आपल्या सवयीने आपण जे पहिलं पान म्हणून उघडतो, तिथे ठळक सूचना होती: 'थांबा. ही पुस्तकाची शेवटची बाजू आहे. उजवीकडून सुरुवात करा.' तिने मुकाट्याने पुस्तक फिरवलं. सांगितल्यावर ऐकायची तिला सवय होती.

आधी तिला राग आला. मग हसू. मग असा राग आला की त्यात हसूही होतं, आणि त्या भरात चिठ्ठ्या उतरल्या. एका किशोर-कादंबरीवर तिने लिहिलं:

'नायिका सोळा वर्षांची. एक राज्य उलथवते. दोन तरुणांचं तिच्यावर प्रेम आहे आणि कोणाला निवडावं या काळजीत तीनशे पानं जातात. मला एकच दाखवला होता आणि तोही घाईत होता. आई नेहमीप्रमाणे वारलेली. लेखकांना आया का चालत नाहीत कळत नाही. जिवंत ठेवल्या तरी त्या काही बोलणार नाहीत, याची हमी मी देते.'

एका मँगावर: 'नायिका चालता-चालता अकरा वेळा पडते, दर वेळी नायकाच्या अंगावर. मी लग्नानंतर दोनदा पडले. एकदा पाय मोडला.'

आणखी एकावर: 'नायक शेवटच्या बाकावर, खिडकीशी. कोणाशी बोलत नाही, म्हणून सगळ्यांना तो खोल वाटतो. न बोलणारा माणूस खोलच असतो असं नाही. विहीरही गप्प असते आणि भिंतही.'

सगळ्यात जाड होता तो सहाशे पानांचा एकत्रित खंड. तो तिने तीन दिवस वाचला, आणि चौथ्या दिवशी लिहिलं:

'दोनशे दहाव्या पानावर नायिका केस कापते आणि नायकाला ते वर्गाच्या दारातूनच दिसतं. मी गेल्याच्या गेल्या वर्षी सप्टेंबरात केस खांद्यापर्यंत कापले. घरातल्या माणसाचा धंदाच लोकांना नीट दिसावं हा आहे. त्याला ते मे महिन्यात समजलं, घरी आलेल्या पाहुणीने सांगितल्यावर. तो म्हणाला, असं होय. पुढचे खंड घेऊ नयेत. मुलींना सवय लागेल.'

एक गोष्ट तिने लिहिली नाही. त्या खंडाच्या अगदी पहिल्या प्रसंगात, समोरासमोरच्या दोन पानांवर, नायक रस्त्यात नायिकेला धडकतो. तिचं सामान सांडतं. चूक त्याची, पण तोच तिला म्हणतो, 'बघून चालता येत नाही?' हे वाचून तिने पुस्तक खाली ठेवलं होतं. हेच वाक्य, याच सुरात, ती सव्वीस वर्षं ऐकत होती. दारात, जिन्यात, स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या बोळात. फरक एवढाच, की पुस्तकात त्या वाक्यानंतर सहाशे पानं प्रेम होतं. चिठ्ठीवर ओळी सातच होत्या. त्या केसांतच संपल्या.

*

बाइंडरची नोकरी बत्तीस वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात त्याने एकही पुस्तक वाचलं नव्हतं. त्याबद्दल कोणी छेडलं तर तो म्हणे, "न्हावी स्वतःची हजामत करतो का? मी पुस्तकं शिवतो." एकशे एक्याऐंशी पुस्तकं त्याच्यासमोर आली. त्याने पातेलंभर खळ केली, घाईत जरा पातळच झाली, आणि एका दिवसात काम उरकलं. त्याची पद्धत ठरलेली. पुस्तक समोर धरायचं, उघडायचं, पहिल्या पानावर परतीच्या तारखांचा कागद. पुस्तक पालथं घालायचं, शेवटच्या पानावर पिवळी चिठ्ठी. पुढचं.

कादंबऱ्यांना हे लागू पडलं. मँगाचं पहिलं पान म्हणजे शेवटचं, आणि शेवटचं म्हणजे पहिलं. त्यामुळे तारखांचा कागद बरोब्बर 'थांबा' या सूचनेवर बसला. आणि जी चिठ्ठी वाचक कधी पाहत नसत, ती दीडशे पुस्तकांच्या तोंडाशी, कथेच्या दारातच जाऊन बसली.

मुलींना सूचनेची गरज नव्हती. त्या मँगा उजवीकडूनच उघडत. उघडला की आधी चिठ्ठी.

तीन आठवड्यांनी, दुपारी साडेचारला, देवघेवीच्या खिडकीपुढे अकरा मुलींची रांग लागली. खिडकीत बसायची पाळी तिचीच होती. पहिली मुलगी खाली वाकून, आवाज लहान करून म्हणाली, "काकू, जाड खंडातल्या त्या नवऱ्याचं पुढे काय झालं?"

"तो नायक आहे. त्यांचं लग्न नाही झालेलं अजून."

"तो नाही हो. खरा नवरा. केसवाला."

मुलीने पुस्तक उघडून दाखवलं. पहिल्याच पानावर बाईंचंच अक्षर होतं. मागची मुलगी म्हणाली की पाय मोडला त्या चिठ्ठीला तिच्या वर्गात सगळ्यात जास्त मागणी आहे. तिसरीला वेगळीच शंका होती: त्या खंडात सुरुवातीला नायिका रस्त्यावर बसून काय शोधत असते? या मुली चिठ्ठ्या वाचतात आणि गोष्ट वाचत नाहीत, असं मनाशी म्हणत बाईंनी पुस्तकावर शिक्का मारला.

बाइंडरकडे ती अक्षरशः धावत गेली. त्याने एक चिठ्ठी नखाने टोकरून पाहिली आणि त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "ताई, फाडा हवं तर. पान सोबत येईल."

ग्रंथपालसाहेबांनी तिला बोलावून घेतलं तेव्हा ती राजीनाम्याचा मजकूर मनात जुळवून गेली होती. साहेबांनी दार लावून घेतलं. देवघेव तिपटीने वाढली आहे, चिठ्ठ्यांना हात लावायचा नाही, असं ते म्हणाले. मग जरा घुटमळून म्हणाले, "आमच्या घरीही वाचल्या. मी हल्ली जरा बघूनबिघून असतो."

*

त्या भागात चष्म्याचं दुकान एकच होतं, आणि त्या चष्मेवाल्याची बायको वाचनालयात आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. बेरीज करायला मुलींना दोन दिवस लागले, त्यांच्या आयांना एक. दुकानात अचानक गर्दी वाढली. नंबर तपासायचा म्हणून बायका येत, खुर्चीत बसत आणि तक्त्याऐवजी त्याच्याकडे बघत. त्याला वाटलं, धंदा वाढला. पण चष्मा कोणी घेईना. शेवटी एका निवृत्त शिक्षिकेने काचेवरून बोट फिरवत विचारलं, "तुम्हाला लांबचं दिसत नाही, की जवळचं?" आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीच उजेड पडेना, तेव्हा तिने त्याला सगळं सविस्तर सांगितलं.

त्याच दिवशी वाचनालय बंद व्हायच्या वेळी तो खिडकीपुढे येऊन उभा राहिला. सभासद व्हायचं म्हणाला. तिने अर्ज भरून घेतला. व्यवसाय, पत्ता, सगळं तिला पाठ होतं. वाचनाची आवड, या रकान्यापाशी ती थांबली. मग तिने तो कोरा सोडला. त्याने जाड खंड मागितला. पुस्तक पालथं करून मागच्या बाजूची चिठ्ठी उभ्या-उभ्या वाचली, एकदा चष्मा लावून, एकदा काढून. मग पुस्तक काखेत मारून निघून गेला.

घरी मोठं भांडण होणार याची तिला खात्री होती. भांडी घासता-घासता तिने सव्वीस वर्षांची उत्तरं ओळीने लावून ठेवली. भांडण झालंच नाही. एक तयार भाषण पोटात घेऊन जगणं काय असतं, ते तिला त्या आठवड्यात कळलं.

तो दुकानात वाचत होता. पुस्तक हातात आल्यावर कोणीही उघडेल तसंच त्याने ते उघडलं होतं, तारखांच्या कागदाच्या बाजूने.

*

पान ५९८

जिन्यात त्याने तिचा हात धरला. ती दचकून म्हणाली, "अहो, बरं वाटत नाही का?"

"बरं आहे."

"मग?"

"काही नाही."

तिसऱ्या मजल्यापर्यंत त्याने हात सोडला नाही. दारात आल्यावर लक्षात आलं की किल्ली त्याच्या उजव्या खिशात आहे आणि उजवा हात कामात आहे. डावा हात उजव्या खिशात घालायची त्याची खटपट शेजारीण दारातून पाहत होती. त्याच्या मेंदूला झटका तर आला नाही ना, या धास्तीने बायको त्याला एक हात वर करून दाखवा, जीभ बाहेर काढा, असं सांगत राहिली. त्याने दोन्ही केलं, पण हात सोडला नाही.

*

पान ४९०

कोरड्या दिवशी त्याने नवी, लांब दांड्याची छत्री उघडली आणि तिच्या डोक्यावर धरली. लोक वर बघत, मग छत्रीकडे, मग तिच्याकडे. दोन पावलं पुढे निसटता-निसटता तिला एकदम आठवलं. पावसातल्या कबुलीचा प्रसंग, चारशे नव्वदावं पान. आणि परवाचा हात पाचशे अठ्ठ्याण्णवावा. ती रस्त्यात थांबली. तो पुस्तकात पाहून प्रेम करत होता, हे एक. आणि तो शेवटाकडून सुरुवातीकडे चालला होता, हे दुसरं.

पहिल्याचं तिला वाईट वाटलं नाही. सव्वीस वर्षांत त्याने दुसऱ्या कशात पाहूनही केलं नव्हतं.

जेवताना तो आपण होऊन बोलला. "ते पुस्तक वाचतोय."

"हो का."

"वाटलं होतं, पोरीबाळींचं काहीतरी असेल. पण खरं लिहिलंय, बरं का. सुरुवातीला सगळं हातात हात. मग भेटीगाठी कमी व्हायला लागतात. आता तर ती त्याला आडनावाने हाक मारते. पुढे पुढे दोघं एकमेकांना ओळखणार पण नाहीत, बघ तू." त्याने पाण्याचा घोट घेतला. "तुला काय वाटतं, शेवटी काय होईल?"

तिचा घास हातातच राहिला. त्या प्रश्नाला मागे उत्तर जोडलेलं नव्हतं.

अहो, तुम्ही पुस्तक उलटं धरलंय. पाच शब्द होते. ते जिभेवर आले होते. पण तिला माणूस माहीत होता. एकदा प्रवासात तो चाळीस किलोमीटर उलट्या दिशेने गेला होता, आणि गावाच्या नावाचा फलक समोर आल्यावर म्हणाला होता, फलक चुकीचा लावलाय. आत्ता चूक दाखवली तर तो पुस्तक मिटेल. पुस्तक मिटलं की छत्री मिटेल, आणि हा प्रश्नही.

"वाचा तुम्ही," ती म्हणाली. "सांगितलं तर मजा जाईल."

*

पान ३५५

बोळात ती दुधाचं पातेलं घेऊन चालली होती. तो आडवा आला आणि त्याने तिच्या कानाजवळून भिंतीवर हात टेकवला. सराव दुकानातल्या भिंतीवर झाला होता. या भिंतीवर त्या उंचीला दिव्याचं बटण होतं. अंधार झाला.

"हलू नकोस," तो म्हणाला. पुस्तकात नायक हेच म्हणतो. तिच्या छातीत खरंच काहीतरी हललं.

"का हो?"

"खांदा धरलाय. खाली येत नाहीये."

नंतर अर्धा तास ती त्याच्या खांद्याला मलम चोळत बसली. तो कण्हत होता आणि मध्येच म्हणत होता, हं, तिथेच. इतक्या जवळ ती दोघं कित्येक वर्षांत बसली नव्हती. पहिली पंधरा दिवसांची मुदत संपली होती. दुसऱ्या दिवशी तो मुदत वाढवायला खिडकीपुढे रांगेत उभा राहिला, अकरा मुलींच्या मागे, डावा हात खिशात, उजवा गळ्यात बांधलेला. मुलींनी त्याला पुढे जाऊ दिलं.

*

पान २१०

या पानाची तिने वाट पाहिली होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. तो सकाळी दारात वळला, तिच्याकडे पाहिलं आणि पुस्तकात आहे तसंच म्हणाला, "केस कापलेस. छान दिसतात."

दीड वर्षात तिचे केस पुन्हा पाठीच्या मध्यापर्यंत आले होते. सैल वेणी पाठीवर होती.

"हो," ती म्हणाली.

तो गेल्यावर ती आरशासमोर बराच वेळ उभी राहिली. मग वाचनालयात निरोप धाडून अर्ध्या दिवसाची रजा घेतली, केस कापणाऱ्या बाईकडे गेली आणि खांद्यापर्यंत कापून आली. कापणारी म्हणाली, एवढी छान लांबी आहे, कशाला? ती म्हणाली, घरी एकाने आधीच कौतुक केलंय.

संध्याकाळी तो आला, समोर बसला, जेवला. तिने दोनदा मान उगाच वळवली. पण तोपर्यंत तो एकशे नव्वदाव्या पानावर होता.

*

पान ९०

तो तिच्याशी बोलेनासा झाला. जिन्यात भेटला तर नुसती मान हलवी. पुस्तकातही या भागात नायक नायिकेला फक्त तोंडओळखीने ओळखतो. तिने रोज हिशेब ठेवला: आज ऐंशी, आज बासष्ट, आज चाळीस. तो बोलला नाही की ती मनात म्हणे, बरोबर, पानाप्रमाणेच चाललंय. फक्त कधी कधी, चहा गाळताना, तिच्या मनात येई, की चाळिसावं पान आणि आपली सव्वीस वर्षं एकमेकांशेजारी ठेवली तर ओळखायची कशी? तो आणखी एकदा मुदत वाढवून गेला. खिडकीपुढे म्हणाला, "थोडंच राहिलंय."

पिवळ्या चिठ्ठ्या तिला आता जमत नव्हत्या. नव्या पुस्तकांवर ती 'भाषा ओघवती' असं लिहू लागली होती. रांग अकरावरून तीनवर आली होती, आणि त्या तिघींतली एक चुकून आलेली असे. साहेबांनी विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? ठीक आहे म्हटल्यावर ते निराश झाले.

*

पान १

धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन ती बोळातून गॅलरीकडे निघाली होती. तो समोरून आला, हातातल्या कागदात पाहत, आणि सरळ तिच्यावर धडकला. बादली कलंडली. ओले कपडे बोळभर.

"बघून चालता येत नाही?" तो म्हणाला.

ती खाली बसली, ओल्या कपड्यांच्या मधोमध, अगदी पुस्तकातल्या नायिकेसारखी, आणि तिला हसू आवरेना. पोचला. बाबा पहिल्या पानावर पोचला. हे एक वाक्य तिने कोणाला सांगितलं नव्हतं, चिठ्ठीत लिहिलं नव्हतं. ते फक्त त्या दोन पानांवर होतं, म्हणजे त्याने ते वाचलं होतं, आणि त्याच्यापुढे आता उलटं जायला पानच उरलं नव्हतं. इथून गोष्ट सुरू होत होती.

"हसायला काय झालं?" त्याने विचारलं.

"काही नाही. तुम्ही जा."

तो एक चादर ओलांडून गेला.

दुसऱ्या दिवशी खरेदी समितीची बैठक होती. जाड खंडावरचा आपला अभिप्राय बदलायचा आहे, असं तिने साहेबांना सांगितलं. एकवीस वर्षांत तिने अभिप्राय कधी बदलला नव्हता. साहेबांनी कोरी पिवळी चिठ्ठी पुढे सरकवली. तिने त्यावर एकच ओळ लिहिली, सहा मोकळ्या सोडल्या. 'पुढचे खंड घ्यावेत.' समितीने तिथल्या तिथे तीन खंड मागवले.

दुपारी तो पुस्तक परत करायला आला. रांग नव्हती. तिने कापलेले केस कानामागे सारले आणि पुस्तक हातात घेतलं.

"आवडलं?"

"चांगलं आहे. शेवट जरा अर्धवट वाटला."

"अर्धवट?"

"म्हणजे ती पोरगी एकटीच रस्त्यावर बसलेली असते, सामान गोळा करत. का बसलीय, काही कळत नाही. आणि संपतंच." त्याने घड्याळात पाहिलं. "दुकान उघडं टाकून आलोय. कार्ड रद्द करता येतं ना?"

ती म्हणाली, येतं. तिने तारखेचा शिक्का उचलला. तो दारातून बाहेर पडेपर्यंत शिक्का हातातच होता.

मार्च महिन्यात, एका दिवसात एकशे एक्याऐंशी चिठ्ठ्या चिकटवताना, पातळ खळीचा एक ओघळ त्या जाड खंडाच्या पहिल्या प्रसंगावर गेला होता आणि ती समोरासमोरची दोन पानं एकमेकांना कायमची चिकटली होती.